भरताचं वांगं, केळीचं पान आणि बैठकीची भिंत

या वेळचं पत्र अमळनेरहून आलंय. थोडं काटछाट करून देते:

'ताई, सप्रेम नमस्कार. आमचं घर गावातल्या जुन्या गल्लीत आहे, सासऱ्यांनी 1984 साली बांधलेलं. खाली कोटा फरशी, दारं सागवानी, वर नुसता स्लॅब. बैठक पश्चिमेला रस्त्यावर उघडते, मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, स्वयंपाकघर मागे उत्तरेला. बैठकीच्या भिंतींना खालून साडेतीन फूट हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा आहे, तोही सासऱ्यांच्या वेळचा. यंदा कानबाईच्या (श्रावणातल्या देवीच्या सणाच्या) आधी सगळं घर रंगवायचं ठरलंय. मोबाइलवर एक फिकट, थंडगार हिरवा रंग पाहिला आणि तोच मनात बसलाय. सासूबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "हाई घर शे का दवाखाना?" रंगारी म्हणतो पिस्ता मारा, उठून दिसतो. मिस्टर म्हणतात पांढरा मारा आणि मोकळे व्हा. मला वाटतं, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, हिरव्याने घर जरा गार तरी राहील. काय करू?'

ताई (तुम्ही मला म्हणालात, मीही तुम्हाला तेच म्हणते), आधी सासूबाईंची बाजू घेते. त्यांनी उगाच नाक मुरडलेलं नाही. त्यांच्या पिढीने हिरवी भिंत पाहिली ती सिव्हिल हॉस्पिटलात, नाहीतर तहसीलच्या वऱ्हांड्यात. खाली चकचकीत ऑइलपेंट, वर चुना, मधून तपकिरी रेघ, डोक्यावर फडफडणारी ट्यूब आणि सगळीकडे फिनेलचा वास. हिरवा म्हटलं की त्यांना हे सगळं एकदम आठवतं.

दवाखान्यात हिरवा आला त्याला कारणही आहे. पूर्वी शस्त्रक्रियेची खोली पांढरीशुभ्र असायची. लालभडक रक्ताकडे बघून बघून सर्जनने मान वर केली की पांढऱ्या भिंतीवर डोळे दिपायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने 1914 च्या सुमारास आपली शस्त्रक्रियेची खोली पालकाच्या रंगाची करून घेतली, आणि पुढे तो रंग जगभरच्या दवाखान्यांत पसरला. यामागचा हिशेब घरातच पडताळून बघा. कुंकवाच्या करंड्याचं झाकण काढा, चांगल्या उजेडात त्या लाल गोलाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा, मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. तिथे एक निळसर हिरवा गोल तरंगताना दिसेल. लालाने थकलेला डोळा हिरवा मागतो, तो असा.

हा पोरखेळ मी उगाच सांगत नाही. लाल आणि असा निळसर हिरवा शेजारी आले की दोघेही उजळतात. तुमच्याकडे लालसर तपकिरी सागवान दारादारांत उभं आहे, फुकटात. फिकट हिरव्या भिंतीला जुन्या सागासारखा जोडीदार नाही. तेव्हा रंगाऱ्याने 'दारंपण मारून टाकू का, मॅचिंग?' असं विचारलं तर त्याला चहा पाजा आणि दारांपासून लांब ठेवा. दारं घासून त्यांना अळशीचं तेल द्या किंवा बिनचकाकीचं पॉलिश, बस.

आणि दवाखाना होतो कशाने? तीन गोष्टींनी: चकाकी, पांढरी ट्यूब आणि तो खालचा पट्टा. हिरव्याचा दोष त्यात सगळ्यात कमी. (दवाखाना नको म्हणणाऱ्या सासूबाईंच्याच बैठकीत गेली चाळीस वर्षं हिरवा ऑइलपेंट आहे, ही गंमत मला पत्र वाचतानाच जाणवली. पण सासऱ्यांची निवड आहे ती. तुम्ही बोलून दाखवू नका.)

आता गारव्याचं. भिंतीच्या आतल्या रंगाने खोलीचं तापमान उतरत नाही. हिरव्या खोलीत आल्यावर डोळ्यांना बरं वाटतं, उन्हातून आलेला माणूस 'हाश' म्हणून बसतो, तेवढं खरं. पण घामाला भिंतीचा रंग कळत नाही. तुमच्या घरात ऊन येतं ते डोक्यावरून. आपण साधारण 21 अंश अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. ते सगळं ऊन स्लॅब पीत राहतो आणि रात्री तुमच्या अंगावर सोडतो. म्हणून तर आपल्याकडे संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची आणि वरच अंथरूण टाकायची पद्धत पडली. सासूबाईंचं माहेर धाब्याच्या घराचं असेल तर त्यांना विचारा, वीत-दीड वीत मातीच्या छताखाली दुपार कशी जायची ते.

तेव्हा गारव्यासाठी बाजूला काढलेले पैसे आधी गच्चीवर टाका. होळी झाली की गच्ची झाडून, धुऊन पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात द्या, किंवा ऊन परतवणारा गच्चीचा पांढरा रंग मिळतो तो लावा. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो, पण स्वस्त आहे. यंदाची होळी उलटून गेली असली तरी मेपर्यंत दिलात तर उपयोग होतो. खाली हिरवा लावा तो आवडतो म्हणून लावा, कूलर म्हणून लावू नका.

मग कोणता हिरवा? इथे जरा वेळ काढून बोलते, कारण पिस्ता आणि तुमचा फोटोतला रंग यांत तुमचा रंगारी फरक करत नाही, आणि सगळा खेळ त्या फरकाचाच आहे.

भरताचं वांगं डोळ्यांसमोर आणा. आपलं, बामणोदकडचं, हिरवट पांढरं. बाहेरच्या माणसाला वांगं जांभळंच माहीत असतं, तो हे बघून दुधी आहे का विचारतो. त्या सालीचा हिरवा पिवळ्याकडे झुकलेला असतो, उबदार. आता केळीचं पान घ्या. यावल-रावेरची केळीची गाडी तुमच्याकडे येतेच. ते उलटं करा. वरची बाजू गर्द चकचकीत आणि खालची फिकट, पांढुरकी, जरा राखेकडे गेलेली. त्यावर बोट फिरवलं तर पांढरी पूड बोटाला लागते आणि जिथून बोट गेलं तिथे खालचा ओला हिरवा उघडा पडतो. ती पूड म्हणजे पानाचं मेण. तुम्हाला फोटोत आवडलेला 'थंडगार' हिरवा हा आहे: केळीच्या पानाची पाठ, पूड न पुसलेली.

रंगाच्या दुकानात मशीनवर हेच घडतं. पांढऱ्या बेसमध्ये नुसता हिरवा टाकला की टूथपेस्ट तयार होते. त्यात काळ्याचे दोन-चार थेंब गेले की रंग शांत होतो, पानावर पूड बसल्यासारखा. पिवळी माती जास्त गेली की वांगं, निळसर हिरवा जास्त गेला की पानाची पाठ. मशीनच्या पडद्यावर कोणता रंग किती टाकला ते दिसतं. दुकानदाराला 'काळा किती आहे यात?' असं विचारायला लाजू नका. काळा अजिबात नसेल तर तो डबा घेऊ नका, फोटोतला रंग त्यातून यायचा नाही.

टूथपेस्टचं मी अनुभवाने सांगतेय. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या बेडरूमसाठी मी दुकानाच्या ट्यूबखाली उभं राहून, कार्डावरचा नखाएवढा चौकोन बघून रंग ठरवला. कार्डावर तो इतका सोज्वळ होता! चारी भिंती रंगल्यावर खोलीत गेले तर पेपरमिंटच्या गोळीच्या आत उभी असल्यासारखं वाटलं. भिंती एकमेकींवर रंग फेकतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. समोरच्या भिंतीचा हिरवा इकडच्या हिरव्यावर पडतो आणि कार्डावर फिकट दिसलेला रंग खोलीत दुप्पट चढतो. म्हणून कार्डावर जो आवडेल त्याच्यापेक्षा एक घर फिकट आणि एक घर मळकट घ्यायचा. दुकानात तो तुम्हाला बेचव वाटेल, घरी बरोबर बसेल.

आता तुमच्या तीन खोल्या. मोबाइलवर बघणारी मंडळी अख्ख्या घराला एकच रंग देतात, आणि मला ते पटत नाही, कारण ऊन प्रत्येक खोलीत वेगळं येतं.

बैठक पश्चिमेची. सकाळभर तिथे थेट ऊन नसतं, रस्त्यावरून आणि आभाळातून आलेला उजेड असतो, तेव्हा हिरवा शांत, जरा राखाडी दिसेल. तीननंतर पिवळं ऊन आत शिरेल आणि भिंत पिवळ्याकडे ओढेल. रंगारी म्हणतो तो पिस्ता मुळातच पिवळसर. त्यावर चार वाजताचं ऊन पडलं की थेट पोपटी. मुंजीचा मांडव वाटेल. पानाच्या पाठीचा हिरवा इथे नेमका शोभतो, कारण त्यातला थंडपणा संध्याकाळच्या उन्हाशी कापला जातो. तुमची बैठक या रंगासाठीच आहे म्हणा ना.

स्वयंपाकघर उत्तरेचं. तिथे दिवसभर आभाळाचा निळसर उजेड. तोच थंड हिरवा तिथे लावला तर निळा-राखाडी होऊन बसेल, पोळ्या करताना पावसाळा आल्यासारखं वाटेल. तिथे वांग्याच्या सालीकडे जा, थोडा पिवळसर, आणखी फिकट. एका कार्डावर दोन्ही रंग शेजारी शेजारी धरले तर वेगळे दिसतील, पण आपापल्या खोल्यांत गेले की बहिणी वाटतील.

मधली खोली अंधारी. तिथे हिरवा नको. हे मी ठामपणे सांगते, पुढच्या पत्रात 'पण एक भिंत केली तर?' असं विचारू नका. फिकट हिरव्याला जगायला उजेड लागतो. उजेड नसला की तो भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा दिसतो. तिथे मिस्टरांचा पांढरा द्या, पण निळीचा पांढरा नको, दुधाच्या सायीचा. म्हणजे त्यांचंही म्हणणं राहिलं. बऱ्याच कंपन्या रंगाच्या नंबराबरोबर एलआरव्ही नावाचा आकडा देतात. भिंतीवर पडलेल्या उजेडातला किती उजेड ती परत देते, त्याचं हे माप: काळ्याला शून्याजवळ, पांढऱ्याला शंभराजवळ. बैठकीसाठी 60 च्या आसपासचा हिरवा बघा, स्वयंपाकघराला त्याहून थोडा वर, मधल्या खोलीला 80 च्या पुढचा सायीचा पांढरा.

कोटा फरशीबद्दल तुम्ही एका शब्दात लिहून पुढे गेलात, पण घरातला सगळ्यात मोठा हिरवा तोच आहे. कोटा राखाडी-हिरवा. पुसल्यावर, ओला असताना, चांगलाच गडद हिरवा होतो. भिंतही त्याच वजनाची हिरवी झाली की विहिरीत उतरल्यासारखं होतं. भिंत फरशीपेक्षा कितीतरी फिकट हवी आणि फरशी ओली असतानाही तिच्याशी भांडायला नको. शहाबादी असती तर हा प्रश्नच नव्हता, ती बिचारी कशाशीही जुळते.

म्हणून नमुना बघायचा तो असा. दुकानातून तीन हिरव्यांचे छोटे नमुन्याचे डबे घ्या. शाळेच्या स्टेशनरीत मिळतो तो मोठा ड्रॉइंग पेपर किंवा पुठ्ठा घ्या, एकेका रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, कडेने बोटभर पांढरं ठेवा. भिंतीवर थेट ठिपके मारू नका, जुना रंग शेजारी असला की डोळा फसतो. पुठ्ठा बैठकीत फरशीवर उभा करून भिंतीला टेकवा. फरशीवर ओलं फडकं फिरवा. सागवानी दाराशेजारी धरा. सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून बघा. मग तोच पुठ्ठा स्वयंपाकघरात. दोन दिवस जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी तुम्हाला विचारावं लागणार नाही.

रात्रीचं विसरू नका, कारण बैठकीत माणसं रात्रीच जमतात. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, तोच तो दवाखाना. 3000 म्हणजे पिवळा, त्यात थंड हिरवा मळतो आणि भिंत जुन्या मेंदीसारखी दिसते. तुम्हाला 4000 हवा. दुकानदार 'नॅचरल व्हाइट' म्हणतो तो. हे बल्ब रंगाच्या डब्याआधी घ्या, पुठ्ठे त्याच उजेडात बघा. आणखी एक बारीक गोष्ट: जिथे बायका आरशासमोर उभ्या राहून वेणीफणी करतात त्या कोपऱ्यासमोर हिरवी भिंत नको. हिरवा उलटून तोंडावर येतो आणि चेहरा तीन दिवस ताप आल्यासारखा दिसतो. लग्नाला निघताना कुणाला ते आवडायचं नाही.

आता त्या सासऱ्यांच्या पट्ट्याबद्दल, आणि इथे सुशोभन बाजूला ठेवून तब्येतीचं बोलते. त्या काळात हिरवा ऑइलपेंट बऱ्याचदा क्रोम पिवळा आणि निळा मिसळून बनायचा. क्रोम पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं संयुग. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. 1984 चा पट्टा त्याच्या खूप आधीचा. तो कोरडा खरवडला, त्यावर घासायचं मशीन फिरवलं, तर ती धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जाते. तुमच्या भिंतीत शिसं आहेच असं मी म्हणत नाही, पण आहे असं धरून वागायला काही बिघडत नाही. पट्टा घट्ट बसलेला असेल तर उकरायच्या भरीला पडू नका. पाण्याच्या कागदाने (ओला चालणारा पॉलिश पेपर) ओलं करून घासा, फक्त चकाकी मोडेपर्यंत. लहान मुलं आणि कुणी गरोदर असेल तर त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. रंगाऱ्याच्या तोंडाला मास्क हवा, तो 'आम्हाला सवय आहे' म्हणेल तरी. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं फेकून द्यायचं.

चकाकी मोडायची ती दुसऱ्या कारणासाठीही. ऑइलपेंटवर पाण्याचा इमल्शन थेट मारला तर वर्षभरात सालीसारखा निघतो. घासून, पुसून, वर ऑइलपेंटला धरणारा प्रायमर, मग रंग. रंगारी हा प्रायमर गाळायला बघेल, घाई असते त्यालाही. त्याचा डबा तुम्ही स्वतः आणून त्याच्या हातात द्या.

पट्टा गेला की खालच्या भिंती मळतील ही भीती खरी आहे. दिवाणाशी डोक्याच्या तेलाचे डाग, पोरांचे हात, सायकलचं हँडल. पण त्यासाठी पुन्हा चकचकीत पट्टा नको. संपूर्ण भिंतीला एकच धुता येणारा मॅट इमल्शन घ्या, खालपासून वरपर्यंत. चकाकी नसल्याने भिंतीचे उंचवटेही झाकतात, आणि 1984 च्या गिलाव्याला उंचवटे असणारच. हिरव्याचा एक फायदा असा की आपली काळ्या मातीची धूळ पांढऱ्यावर जशी ओरडते तशी यावर ओरडत नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतींना रंगाआधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या. शेवभाजीची फोडणी आणि गॅसवर भाजलेल्या वांग्यांची काजळी चाळीस वर्षं तिथे बसलीय. ती न काढता रंग मारला तर महिन्याभरात पिवळे डाग वर येतात आणि दोष रंगाला मिळतो. भरीत बाहेर कपाशीच्या काड्यांवर भाजायची सोय असेल तर भिंतीचंही भलं आणि भरताचंही.

वेळेचं काय? कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि आपल्याकडे सगळं गाव त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत रंगाऱ्याला शोधत असतं. तेव्हा बाहेर पाऊस, आत भिंती दमट, रंगारी तीन घरांत वाटलेला. तुमची पश्चिमेची भिंत पावसाचा मार खाणारी, तिच्यात ओल असली तर वरून लावलेला कुठलाही रंग फुगणार आणि खाली पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटणार. म्हणून आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, माहेरवाशिणी परत गेल्या, की लगेच काम काढा आणि मृग लागायच्या आत उरका. भर मेमध्ये दुसरी अडचण येते: 44 अंशांत रोलरची कड दुसरा हात फिरायच्या आत वाळते आणि भिंतीवर पट्टे दिसतात. रंगाऱ्याला सकाळी सातला बोलवा, अकराला थांबवा. पश्चिमेची भिंत सकाळीच उरकायची, दुपारी ती तव्यासारखी तापते. ओलीची शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवा, दोन दिवसांनी आतून दव धरलं का बघा. धरलं असेल तर आधी बाहेरची भेग बुजवा.

रंग किती आणायचा? बैठक 14 बाय 11 आणि उंची 10 फूट धरली तर चार भिंती 500 चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता 420 च्या आसपास. चांगला इमल्शन प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन हातांत लिटरमागे साधारण 120 चौरस फूट जातो, म्हणजे साडेतीन लिटर. चार लिटरचा एक डबा पुरतो. तुमची मापं टाकून हाच हिशेब करा, पण घ्यायचा तेवढा एकाच वेळी, एकाच मशीनवरून घ्या. मागाहून आणलेला लिटरभर रंग त्याच नंबराचा असला तरी कोपऱ्यात वेगळा दिसू शकतो. आणि एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये 'मॅच करून' द्यायला दुकानदार तयार असतात. फिकट हिरव्यात तो मॅच हमखास चुकतो, गडद लालात खपून जातो. उरलेला अर्धा लिटर बरणीत भरा, झाकणावर नंबर आणि तारीख लिहा.

पडदे, चादरी यांत आणखी हिरवे आणू नका. खादीचा कोरा पांढरा, विटकरी, थोडा हळदीचा पिवळा. कोपऱ्यात माठ आणि पितळेचा एखादा जुना हंडा. एवढ्यावर बैठक उभी राहते.

सासूबाईंना मोबाइलवरचा फोटो पुन्हा दाखवू नका. मोबाइलचा रंग मोबाइलच्या काचेचा असतो. तिन्ही पुठ्ठे बैठकीत, कानबाई जिथे बसते त्याच भिंतीला टेकवून ठेवा. चौरंग मांडा, त्यावर मागच्या वर्षीचं कानबाईचं लाल-पिवळं वस्त्र अंथरा, नारळ ठेवा आणि सकाळी नऊ वाजता त्यांना हाक मारा. 'कोणता घेऊ?' एवढंच विचारायचं. हिरवा घेऊ का, असं नाही विचारायचं. त्यांनी वस्त्राकडे बघून एका पुठ्ठ्यावर बोट ठेवलं की त्याच दुपारी दुकानात जा, पुठ्ठ्याच्या मागे लिहिलेला नंबर घेऊन.